काटकोनात वळलेला हॉल आणि पाच स्पीकर

जळगाव, धुळे, भुसावळ येथील नव्या वसाहतींमध्ये प्लॉट बहुधा लांबट आणि अरुंद असतो, त्यामुळे घराचा नकाशा तयार होतो तेव्हा हॉलच्या वाट्याला उरलेली जागा येते. जिना आतून घ्यायचा असतो, देवघराला कोपरा द्यायचा असतो, स्वयंपाकघराकडे जाणारी वाट मोकळी ठेवायची असते आणि या सगळ्यांतून जे शिल्लक राहते ते एका बाजूला सलग भिंत आणि दुसऱ्या बाजूला पोकळी असलेले, काटकोनात वळलेले काहीतरी असते. आमच्या जळगावच्या घराचा हॉल याच जातीचा आहे. त्याचा मुख्य भाग १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद असून मागच्या टोकाला उजव्या हाताला ९ फूट बाय ८ फूट अशी जेवणाची जागा फुटलेली आहे, तिच्यातूनच जिना वर जातो. छताची उंची १० फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स आणि भिंतींवर गुळगुळीत पुट्टी आहे. या हॉलमध्ये पाच स्पीकर आणि खालच्या, जाड आवाजासाठीचा एक सबवूफर असलेला संच आला, तो बसवायला आलेल्या माणसाने टीव्हीच्या दोन्ही बाजूंना दोन, खाली एक, मागे जिथे खिळा होता तिथे दोन आणि सोफ्याच्या कोपऱ्याआड सबवूफर अशी तासाभरात मांडणी करून दिली. त्या संध्याकाळी चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटेही झाली नसतील, तोच आईने अहिराणीत विचारले, "काय बोली ऱ्हायना हाऊ?" आवाज मोठा होता, घर दणाणत होते आणि शब्द मात्र कळत नव्हते.

ही तक्रार स्पीकरच्या किमतीची नसते, हे समजायला मला वेळ लागला. खोलीतला आवाज स्पीकरमधून थेट कानापर्यंत येतो तेवढाच नसतो. तो भिंती, फरशी आणि छत यांवरून उलटून पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि आपण जे ऐकतो ते या सगळ्यांचे मिश्रण असते. खोली आडवळणाची असली की हे मिश्रण डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळे होते. मात्र ध्वनी सगळ्या पट्ट्यांत सारखा वागत नाही, आणि इथेच या विषयाची किल्ली आहे. साधारण २०० हर्ट्झच्या (सेकंदाला २०० कंपनांच्या) वरचा आवाज, म्हणजे माणसाच्या बोलण्यातला कळीचा भाग, टाळ, पावलांचा आवाज, काच फुटण्याचा आवाज, हा बराचसा प्रकाशासारखा वागतो, भिंतीवर आपटून ठरावीक कोनात परततो. त्याखालचा आवाज पाण्यासारखा वागतो आणि जिथे वाट मिळेल तिथे पसरून सगळी जागा भरून टाकतो. म्हणून वरच्या आवाजासाठी खोली म्हणजे आपल्या बैठकीभोवतीचे दहा-बारा फूट, तर खालच्या आवाजासाठी खोली म्हणजे हॉल, जेवणाची जागा आणि जिन्याची पोकळी मिळून होणारे सगळे. वाकड्या हॉलचा प्रश्न एक समजून सोडवायला गेलो की तो सुटत नाही. तो दोन वेगळ्या प्रश्नांत फोडला की बराचसा हाताशी येतो.

लांबीचे माप डोळ्यांसमोर ठेवले तर हा भेद का पडतो ते कळते. हवेतला ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअस तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. वेगाला कंपनसंख्येने भागले की लहरीची लांबी मिळते. १००० हर्ट्झच्या आवाजाची लहर ३४ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर-दीडवीत असते आणि ५००० हर्ट्झची तर ७ सेंटिमीटर. याउलट ३० हर्ट्झच्या घुमाऱ्याची लहर साडेअकरा मीटरच्या जवळपास, म्हणजे ३७ फुटांहून लांब असते. वीतभराच्या लहरीला सोफा, खांब, कपाटाची कड हे अडथळे वाटतात, पण ३७ फुटांच्या लहरीला सोफा दिसतच नाही, तिला फक्त घर दिसते. खानदेशातल्या वाचकाच्या मनात इथे एक शंका हमखास येईल की मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा हे आकडे बदलत नाहीत काय. बदलतात, त्या उन्हात वेग सेकंदाला सुमारे ३५८ मीटर होतो. परंतु हा फरक चार-साडेचार टक्क्यांचाच असल्यामुळे स्पीकरच्या जागा उन्हाळ्यासाठी वेगळ्या कराव्या लागत नाहीत. उन्हाळ्याचा खरा उपद्रव निराळा आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी वरचा आवाज घेऊ. पाच स्पीकरच्या रचनेत समोर डावा आणि उजवा, त्यांच्या मधोमध संवादांचा सेंटर स्पीकर, आणि श्रोत्याच्या दोन्ही अंगांना किंचित मागे दोन सराउंड स्पीकर असतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत समोरचे दोन स्पीकर श्रोत्याच्या नाकाच्या सरळ रेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर सांगितले आहेत. घरगुती मांडणीसाठी समोरचा कोन २२ अंशांपर्यंत खाली आणला तरी चालतो. या सगळ्या आकृत्या आयताकृती, दोन्ही बाजूंना सारख्या भिंती असलेल्या खोलीच्या असतात आणि आपली खोली तशी नसते, म्हणून माणूस आकृती पाहून हताश होतो आणि जिथे प्लग आहे तिथे स्पीकर ठेवून मोकळा होतो. आमच्याकडेही टीव्ही १६ फुटांच्या लांब भिंतीवर होता, कारण घर बांधताना वायरमनने पॉइंट तिथे काढला होता. त्या मांडणीत सोफ्यावर बसणाऱ्याच्या एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला जेवणाच्या जागेची पोकळी येत होती, आणि समोरच्या दोन स्पीकरपैकी एकाचा आवाज भिंतीवरून लगेच उलटत होता तर दुसऱ्याचा पोकळीत निघून जात होता. पडद्यावर मधोमध उभा असलेला माणूस त्यामुळे भिंतीच्या बाजूला सरकल्यासारखा ऐकू येई.

उपाय असा की वाकड्या खोलीतला सर्वांत सरळ तुकडा शोधायचा आणि समोरचे तीन स्पीकर त्यात बसवायचे. आमच्या हॉलमध्ये जेवणाची जागा मागच्या टोकाला फुटते, पण पुढच्या आखूड भिंतीपासून ८ फुटांपर्यंत दोन्ही बाजूंना अखंड भिंती आहेत. टीव्ही त्या ११ फुटांच्या आखूड भिंतीवर नेला तेव्हा समोरच्या दोन्ही स्पीकरना दोन्ही अंगांना सारखी भिंत मिळाली आणि खोलीचा वाकडेपणा श्रोत्याच्या पाठीशी गेला. कानाला समोरच्या बाजूचा तोल बिघडलेला पटकन कळतो, बाजूचा आणि मागचा तितका कळत नाही. म्हणून दोष कुठेतरी ठेवायचाच असेल तर तो मागे ठेवावा. यासाठी टीव्हीचा पॉइंट हलवावा लागला, भिंत फोडायची नव्हती म्हणून केसिंग पट्टीतून वायर न्यावी लागली, आणि ती पट्टी अजूनही दिसते. दिसो बापडी.

आता मापे. स्पीकर आखूड भिंतीपासून फूटभर पुढे आहेत आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोके त्यांच्या रेषेपासून ९ फुटांवर येते. ३० अंशांचा कोन साधायचा तर दोन स्पीकरमध्ये साडेदहा फुटांच्या जवळपास अंतर लागले असते, म्हणजे ११ फुटांच्या भिंतीत ते दोन्ही कोपऱ्यांत जाऊन अडकले असते, आणि कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर जाड, घुमट बोलतो. म्हणून अंतर साडेसात फूट ठेवले, कोन २३ अंशांच्या आसपास आला आणि प्रत्येक स्पीकर बाजूच्या भिंतीपासून पावणेदोन फूट दूर राहिला. तीव्र सुरांचा छोटा घटक, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला असावा. सोफ्यावर ही उंची जमिनीपासून साडेतीन फुटांच्या जवळपास भरते, पण आपल्याकडे निम्मे घर खाली गादीवर बसून चित्रपट पाहते, म्हणून स्पीकर थोडा खाली कलता ठेवणे हा तडजोडीचा मार्ग आहे. झोपाळ्यावर बसून ऐकणाऱ्यासाठी मात्र कोणतीही आकृती नाही.

सेंटर स्पीकर शोकेसच्या कप्प्यात आत ढकलून ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि शब्द न कळण्याचे ते एक मोठे कारण आहे. कप्प्याच्या फळ्यांवरून आवाज तिथल्या तिथे उलटतो आणि बोलणे डब्यातून आल्यासारखे लागते. हा स्पीकर कप्प्याच्या अगदी काठावर, तोंड किंचित बाहेर काढून ठेवावा आणि तो गुडघ्याच्या उंचीला असेल तर पुढच्या कडेखाली रबराची पाचर देऊन त्याचे तोंड कानाकडे उचलावे. पाच स्पीकरच्या ध्वनिमुद्रणात जवळजवळ सगळे संवाद या एकाच स्पीकरमधून येतात, त्यामुळे संचावर जो काही वेळ खर्च करायचा तो आधी याच्यावर करावा असे माझे मत आहे.

सराउंड स्पीकरच्या बाबतीत वाकडी खोली खरी अडवणूक करते. आमच्या डाव्या अंगाला भिंत आहे, तिथे कानाच्या रेषेपासून दीड फूट मागे आणि साडेपाच फूट उंचीवर स्पीकर ठोकता आला. उजव्या अंगाला त्याच जागी भिंतच नाही, जेवणाच्या जागेचे तोंड आहे, आणि पलीकडची भिंत आणखी ९ फुटांवर आहे. तिथे लावलेला स्पीकर डाव्याच्या अडीचपट लांब पडतो, त्याचा आवाज क्षीण होऊन येतो आणि उशिराही येतो. ध्वनीला एक फूट कापायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, म्हणून ९ फुटांचा फरक म्हणजे सुमारे ८ मिलिसेकंदांचा उशीर. हा उशीर क्षुल्लक वाटेल, पण कान त्याच्यावरच निर्णय देतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवले की तोच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला तर माणसाला दोन आवाज ऐकू येत नाहीत, एकच ऐकू येतो, आणि तो जिथून आधी आला तिथूनच आल्यासारखा वाटतो. उशिरा येणारा थोडा मोठा असला तरीही. पाऊस दोन्ही बाजूंनी पडत असल्याचा भास व्हायला हवा असताना तो फक्त डाव्या भिंतीवर का पडतो, याचे उत्तर हेच आहे.

हा उशीर रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात, दुरुस्त करता येतो. त्यात प्रत्येक स्पीकरचे अंतर भरण्याची सोय असते, आणि आपण खरे अंतर भरले की रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवून ठेवतो. म्हणजे लांबची भिंत अगदीच निरुपयोगी नसते. तरीही शक्य असेल तर दोन्ही सराउंड सारख्या अंतरावर आणावेत, कारण लांबून येणारा आवाज वाटेत अधिक आपटून येतो आणि ते रिसीव्हरला दुरुस्त करता येत नाही. आम्ही जेवणाच्या जागेच्या तोंडाशी साडेपाच फुटांचा लोखंडी स्टँड उभा केला. ज्यांच्याकडे ती येण्याजाण्याची वाट असेल त्यांनी स्लॅबला पाइप सोडून स्पीकर वरून टांगावा. आमच्या स्टँडवरच्या स्पीकरची वायर भिंतीच्या कडेने फिरवून नेताना १२ मीटर लागली. जाऊन-येऊन २४ मीटर तांबे होते, आणि दीड स्क्वेअर एमएमच्या वायरला त्यात पाव ओहमहून किंचित जास्त रोध येतो. आठ ओहमच्या स्पीकरसाठी तो साडेतीन टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे विजेच्या दुकानात मिळणारी दीड स्क्वेअर एमएमची चांगली तांब्याची वायर पुरते. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलवर पैसे घालण्याचे कारण मला तरी दिसत नाही, आणि हे मी सोन्यासाठी नाव असलेल्या गावात बसून लिहीत आहे. एक काळजी मात्र घ्यावी. स्पीकरचे लाल टोक रिसीव्हरच्या लाल टोकाला आणि काळे काळ्याला जोडलेले आहे ना, हे पाचही ठिकाणी तपासावे. एक जोडी उलटी लागली तर एक स्पीकर हवा ढकलत असताना दुसरा ओढत असतो, आणि दोघांचा जाड आवाज एकमेकांना खाऊन टाकतो.

मांडणी झाली तरी टाइल्स आणि पुट्टीचे घर टाळी वाजवली की झणझणते. या झणझणाटाचे शास्त्र एका अडचणीतून जन्मले. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग कला संग्रहालयातील व्याख्यानगृहात शब्द ऐकू येत नव्हते, कारण उच्चारलेला आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत असे. वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे ते काम आले. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडत ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला लागणारा वेळ मोजला, आणि पहाटेपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेला नियम असा की खोलीचे घनफळ जितके जास्त तितका आवाज रेंगाळतो, आणि आवाज शोषणारे क्षेत्र जितके जास्त तितका लवकर विरतो. हे शोषण तो उघड्या खिडकीच्या मापाने मोजी, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

आमच्या हॉलला हे लावून पाहू. वळलेला भाग धरून घनफळ सुमारे ७० घनमीटर भरते. फरशी, भिंती आणि छत मिळून पृष्ठभाग ११० चौरस मीटरच्या वर आहे, पण टाइल आणि पुट्टी आवाजाचे जेमतेम तीन-चार टक्के शोषतात, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये आवाज दोन सेकंदांहून जास्त रेंगाळतो. घरगुती चित्रपटासाठी तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास यावा, आणि त्याला २२ चौरस मीटर उघड्या खिडकीइतके शोषण लागते. आकडा मोठा दिसतो, परंतु कापडी सोफा, जाड सतरंजी किंवा गालिचा, जमिनीपर्यंत आलेले चुणीदार पडदे आणि बसलेली चार माणसे यांनी त्यातला बराच वाटा उचलला जातो. उरलेल्यासाठी कापसाच्या या मुलखात बाहेर बघण्याची गरज नाही. पिंजलेल्या कापसाची चार इंची गादी हा उत्तम शोषक आहे, कारण तंतूंच्या जाळीत शिरलेली हवा घर्षणाने आपली ऊर्जा हरवते. आमच्या घडवंचीवर दडपलेल्या गाद्या आणि गोधड्यांची चळत होती, ती सोफ्याच्या मागच्या भिंतीशी उभी केली, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून आणि वर जाड खादीचे कापड ओढून. अंतर सोडण्याचे कारण असे की भिंतीला अगदी लागून हवेची हालचाल मंदावलेली असते, थोडी पुढे ती वाढते, आणि शोषकाला हालती हवाच धरता येते. याउलट थर्माकोलचे पत्रे आणि भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे यांनी भिंतीची शोभा जाते आणि आवाजात फारसे काही बदलत नाही.

गादी कुठे लावायची हे आरशाने ठरते. सोफ्यावर एकाने बसावे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा, आणि बसणाऱ्याला आरशात ज्या ठिकाणी समोरचा स्पीकर दिसतो तिथे खूण करावी. आवाजाचे पहिले परावर्तन त्याच जागेवरून येते. आमच्याकडे डावीकडची खूण खिडकीच्या काचेवर पडली, म्हणून तिथे जाड पडदा आला, आणि उजवीकडे भिंतीवर पडली, तिथे पुस्तकांचे उघडे कपाट आले. दोन्ही बाजूंना वस्तू वेगळ्या असल्या तरी दोन्हीकडून उलटणारा आवाज साधारण सारखाच मऊ झाला, आणि तेवढे पुरते. सगळा हॉल गाद्यांनी मढवण्याचा उत्साह आवरावा, नाहीतर खोली कोंदट, मेल्यासारखी लागते. माझ्या आजोबांचे धाब्याचे घर आठवते. मातीच्या जाड भिंती, सारवलेली जमीन आणि वर लाकडी कड्यांवर मातीचे छत होते, आणि तिथल्या छोट्या रेडिओवरच्या बातम्या ओट्यापर्यंत स्वच्छ कळत. अशी घरे ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांनी गाद्यांची चिंता करू नये. मात्र वरच्या दिशेने आवाज फेकून छतावरून तो खाली आणणारे डॉल्बी अ‍ॅटमॉसचे स्पीकर त्यांनी घेऊ नयेत, कारण त्यांना सपाट आणि कठीण छत लागते, कड्यांच्या किंवा उतरत्या पत्र्याच्या छताखाली त्यांचे काम होत नाही.

आता उन्हाळा. मार्च सरला की हॉलच्या खिडकीत कूलर येतो आणि जूनपर्यंत घरघरतो. त्याच्या पंख्याचा घरघराट आणि हवेचा सुस्कारा मिळून होणारा आवाज विस्तृत पट्ट्यात पसरलेला असतो, आणि स, श, फ, त ही व्यंजने ज्या तीव्र पट्ट्यात ओळखू येतात तिथेही तो पोहोचतो. स्वर ऐकू येतात, व्यंजने बुडतात, आणि व्यंजनांशिवाय शब्द उभा राहत नाही. घरातली माणसे मग आवाज वाढवतात, त्याबरोबर स्फोटही वाढतात. सगळा आवाज वाढवण्यापेक्षा रिसीव्हरमध्ये फक्त सेंटर स्पीकर दोन-तीन डेसिबलने वर न्यावा, आणि मोठे-लहान आवाज जवळ आणणारी रात्रीची सोय असेल तर ती चालू करावी. कूलर समोरच्या स्पीकरच्या बाजूच्या खिडकीत न लावता जेवणाच्या जागेकडच्या खिडकीत नेता आला तर फारच उत्तम. वाकड्या हॉलचा हा एक लाभ आहे, कारण वळणापलीकडचा तीव्र आवाज कोपऱ्यावर अडतो. दमट वाऱ्याचा झोत थेट स्पीकरवर येऊ देऊ नये, त्याने भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे खोके फुगतात.

खालच्या आवाजाकडे वळताना आतापर्यंतची भूमिका सोडून द्यावी लागते. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुप्पट लांबीची लहर त्या दोघींमध्ये अडकून उभी राहते, झोका योग्य वेळी ढकलला की जसा वाढत जातो तशी ती वाढते, आणि ठरावीक सूर गरजेपेक्षा कितीतरी मोठे होतात. १६ फुटांसाठी हा सूर ३५ हर्ट्झ येतो, ११ फुटांसाठी ५१, दहा फुटांच्या उंचीसाठी ५६, आणि मागच्या टोकाला हॉल व जेवणाची जागा मिळून २० फूट होतात तिथे २८. वळलेल्या खोलीत हे आकडे तंतोतंत बसत नाहीत, पण दिशा दाखवतात. आमच्याकडे ५१ आणि ५६ जवळजवळ असल्यामुळे पन्नाशीच्या आसपासचा प्रत्येक ठोका धम्म करून फुगत होता. भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून अर्थिंगमध्ये गडबड असेल तर सबवूफरमधला गुंजारवही नेमका याच पट्ट्यात येऊन बसतो.

अशा उभ्या लहरीचा दाब भिंतीशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत कमी असतो. म्हणून मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्याला घुमारा असह्य होतो, मध्यावर बसणाऱ्याला तो हरवल्यासारखा वाटतो, आणि एकाच सोफ्यावरची दोन माणसे आवाजावरून भांडू शकतात व दोघेही खरे असतात. आमचा सोफा पुढच्या भिंतीपासून १० फुटांवर, म्हणजे मध्याच्या थोडा मागे पण मागच्या भिंतीपासून ६ फूट पुढे आहे. सोफा भिंतीला लावण्याची आपली सवय इथे मोडावी लागते, आणि घरात सर्वांत जास्त विरोध मला याच गोष्टीला झाला.

सबवूफरची जागा गणिताने शोधण्यापेक्षा रांगून शोधावी. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, आपले डोके जिथे येते तिथे ठेवावा, जाड सुरांचे संथ संगीत लावावे आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत जावे. जिथे प्रत्येक सूर स्पष्ट आणि साधारण सारखा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. आवाज देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यामधली वाट तीच राहते, म्हणून ही युक्ती लागू पडते. घरचे लोक हसतात, त्याला इलाज नाही. कोपरा हा सर्वांत मोठा आवाज देणारा असला तरी तो सगळ्या उभ्या लहरींना एकदम चेतवतो, म्हणून आमच्याकडे कोपरा बाद झाला आणि पुढच्या भिंतीवर उजव्या स्पीकरच्या आतल्या बाजूची जागा जिंकली. जिन्याच्या पोकळीतून खालचा आवाज वर निघून जातो, त्यामुळे उघड्या जिन्याच्या घरात छोट्या सबवूफरचा जीव दमतो. अशा वेळी एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घेऊन समोरासमोरच्या भिंतींवर ठेवले तर जोर वाढतो आणि सोफ्यावरच्या सगळ्या जागांमधला फरकही कमी होतो. रिसीव्हरमध्ये सबवूफर आणि इतर स्पीकर यांची सीमा ८० हर्ट्झवर ठेवावी, त्याखालच्या आवाजाची दिशा कानाला सहसा सांगता येत नाही. सांगता येते ती त्या आवाजाने थरथरणाऱ्या वस्तूंची. लोखंडी कपाटाचे दार, मांडणीवरच्या ताटल्या, देवघरातली घंटा हे सगळे आपली जागा सांगू लागतात, तेव्हा सबवूफरला दोष न देता ताटल्यांमध्ये फडके घालावे.

शेवटी रिसीव्हरसोबत येणाऱ्या छोट्या मायक्रोफोनने मोजणी करावी. तो सोफ्याच्या गादीवर न ठेवता स्टँडवर कानाच्या उंचीला धरावा, कूलर, पंखे आणि मोटर बंद करावी आणि कुकरची शिट्टी होऊ घातली असेल तर थांबावे. मोजणीनंतर सबवूफरचे अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवले गेले तर घाबरू नये, त्याच्या आतल्या मंडळाला लागणारा उशीर रिसीव्हर अंतराच्या रूपात धरतो. मोजणी फुगलेले सूर छाटू शकते, परंतु दोन लहरी एकमेकींना मारत असतील अशा ठिकाणचा खड्डा भरू शकत नाही, कारण आवाज वाढवला की मारणारी लहरही तेवढीच वाढते. त्यासाठी सोफा किंवा सबवूफर फूटभर हलवणे हाच मार्ग उरतो.

आमच्या मांडणीत एक उणेपण राहिलेच आहे. जेवणाच्या टेबलाशी बसणाऱ्याला उजवा सराउंड जवळजवळ कानात बोलतो आणि पडद्यावरचे संवाद लांबून येतात. दोन्ही जागा एकदम सुधारण्याचा मार्ग मला सापडलेला नाही, आणि सोफ्याला झुकते माप दिले आहे. तो स्टँड फरशी पुसताना रोज इंच-दोन इंच सरकतो, आणि दिवाळीच्या साफसफाईनंतर तर तो चक्क जिन्याखाली सापडला. आता स्टँडच्या पायांभोवती, सबवूफरच्या चारही कोपऱ्यांना आणि सोफ्याच्या पुढच्या दोन पायांशी टाइल्सवर काळ्या टेपच्या खुणा केलेल्या आहेत.